तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॅनिंग शिकून बिल्डरकडे का?

"प्लॅनिंग केलंस ना गं तू? मग बिल्डरकडे कशी?" प्लॅनिंग म्हणजे नगररचना, शहराचं नियोजन. हे मला कॉलेजातले ज्युनियर विचारतात, जुन्या ऑफिसातली माणसं विचारतात. ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या एक काकू मुलीला बारावीनंतर कुठे घालावं या विचारात आहेत, त्याही विचारतात. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सोडून का दिलंत?" मी काहीही सोडलेलं नाही, असं त्याला तोडून बोलले आणि फोन ठेवला. रात्रभर वाईट वाटत राहिलं, कारण त्याचा आवाज खरोखर काळजीचा होता. त्याला आणि तुम्हा सगळ्यांना एकदाच नीट सांगते.

पैशाचं आधी सांगते, कारण तुमच्या मनात तेच असतं. हो, पैसे हे एक कारण होतं. 2011मध्ये मास्टर्स करून मी एका सल्लागार कंपनीत लागले तेव्हा हातात 18 हजार यायचे. त्यात शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि पुढे बाबांचं डायलिसिस. बिल्डरच्या कंपनीने जवळजवळ तिप्पट दिले. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण तेवढंच कारण असतं तर मी पहिल्याच वर्षी गेले असते. मी साडेचार वर्षं टिकले.

"सरकारी परीक्षा का नाही दिलीस?" दिली. सहायक नगररचनाकाराची परीक्षा दोनदा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचले. त्या पदाला सिव्हिल किंवा आर्किटेक्चरची पदवी चालते. दोन वर्षं शहर शिकलेल्या माणसाला तिथे वेगळी रांग नाही. 2021मध्ये नीती आयोगाचा अहवाल आला, त्यात हेच देशपातळीवर मांडलेलं आहे: राज्यांच्या नगररचना विभागांत मिळून 3,945 मंजूर पदं, त्यातली 42 टक्के रिकामी, आणि गरज 12 हजारांहून जास्त माणसांची. अनेक राज्यांत त्या पदांसाठी नियोजनाची पदवी आवश्यकही नाही. हे आकडे वाचून मला राग आला होता. "तुम्हा लोकांना काम करायचं नसतं" असं कोणी म्हटलं की तो राग परत येतो.

आमच्या वर्गात 24 जण होतो. तिघं नगररचना विभागात आहेत, त्यांतली दोघं उत्तम काम करतात आणि दमलेली आहेत. काही जण सल्लागार कंपन्यांत एका शहराच्या आराखड्यावरून दुसऱ्या शहराच्या आराखड्यावर जात राहतात. दोघं वाहतुकीत, एक जण जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या कामात, दोघी शिकवतात, चार परदेशी. 2015मध्ये स्मार्ट सिटी अभियान आलं तेव्हा पाच जण वेगवेगळ्या शहरांच्या कक्षांत लागले. 11-11 महिन्यांचं कंत्राट, दरवर्षी नूतनीकरण. मार्च 2025मध्ये अभियानच संपलं. सार्वजनिक धोरण शिकलेली माझी एक मैत्रीण आधी फेलोशिपवर मंत्रालयात होती, मग एका संस्थेत, मग दुसऱ्या. तिने लिहिलेल्या टिपणांवर निर्णय झाले आहेत, पण तिचं नाव कुठेही नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. मग मलाच वेगळं काढून का विचारता?

आता खरं कारण.

ठाणे जिल्ह्यातल्या एका शहराच्या विकास आराखड्याचं काम आमच्याकडे होतं. शहराचं नाव लिहीत नाही. कायद्याप्रमाणे आधी विद्यमान भूवापर नकाशा करायचा, म्हणजे आज कुठल्या जमिनीवर काय आहे ते जागेवर जाऊन बघायचं आणि भरायचं. उपग्रह नकाशाच्या छापील प्रती आणि रंगीत पेनं घेऊन आम्ही फिरायचो. रहिवास पिवळा, दुकानं निळी, कारखाने जांभळे, मैदानं-बागा हिरव्या. जिथे काही नाही ती जागा कोरी.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, मी खाडीकडच्या एका आगरी गावठाणात पोचले. घरांच्या मागे मोठी मोकळी जागा होती. माती चोपून सपाट केलेली, कडेला दोन बांबू, एका कोपऱ्यात जुनं जाळं. माणूस एकही नाही. जवळच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिने तांब्याभर पाणी दिलं. मी पाणी प्यायले, नकाशावर ती जागा कोरी सोडली आणि पुढे गेले. त्या दिवशी मला 60 हेक्टर संपवायचे होते. मी तिला विचारलं नाही, ही जागा कसली आहे? एवढं एक वाक्य.

ते गावाचं खळं होतं. भातशेती होती तोवर तिथे झोडणी व्हायची. शेती गेल्यावर तिथे सुकट वाळत घालायचे, जाळी विणायचे, लग्नांचे मांडव, हळदी, होळी सगळं तिथेच. आमच्या सूचीत खळ्याला रंगच नव्हता, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण शेरा लिहायला रकाना होता.

आराखड्याला वाहनतळ, दवाखाने, रुंद रस्ते, सगळ्यांसाठी जागा लागते. बिल्डरांच्या जमिनींवर परवानग्या झालेल्या असतात, चाळी तोडायच्या तर माणसं उठवावी लागतात. म्हणून हात कोऱ्या जागांकडे जातो. खळ्यावरून 18 मीटरचा रस्ता गेला आणि उरलेल्या तुकड्यावर वाहनतळाचं आरक्षण पडलं, म्हणजे ती जमीन वाहनतळासाठी राखून ठेवली गेली. ती रेघ मी ओढलेली नाही. पण ती ओढताना कोणाचा हात अडखळला नाही, तो माझ्यामुळे.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, हरकती आल्या, सुनावण्या लागल्या. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चार तज्ज्ञ समोर, आणि मागे लॅपटॉप घेऊन मी. हरकतदार आला की त्याची जागा पडद्यावर मोठी करून दाखवायची, हे माझं काम. माणशी दोन-तीन मिनिटं. तिसऱ्या दिवशी दुपारी आठ-नऊ बायका आल्या, बरोबर एक तरुण मुलगा. पुढे तीच म्हातारी. लुगड्याचा काष्टा, हातात प्लास्टिकची पिशवी. तिने समितीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तू आलतीस नं? मीच पानी दिलतं तुला."

सातही जणांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. जागा मोठी करून दाखवली. पडद्यावर पांढरा चौकोन, त्यावरून रस्ता.

एका सदस्यांनी विचारलं, "सातबारा आहे का?" मुलगा म्हणाला, सातबाऱ्यावर सरकारी जागा आहे, पण वापर पिढ्यान् पिढ्या आमचा आहे. "काही पुरावा?" म्हातारीने पिशवी उघडली. आत लग्नांचे फोटो होते. काही काळे-पांढरे, काही रंगीत, कडा कुरतडलेले. प्रत्येक फोटोत मागे तेच खळं. ती एकेक फोटो टेबलावर ठेवत नावं सांगायला लागली: ही माजी नणंद, हा माजा पोरगा. पाचव्या फोटोला तिला थांबवलं. "जमा करा, आम्ही बघतो." पुढचा क्रमांक पुकारला.

त्याच दिवशी एका बिल्डरचीही हरकत होती. 40 पानांची फाइल, मोजणीचे नकाशे, रस्त्याची पर्यायी आखणी, कलमांचे हवाले. तयार करणारा आमच्याच क्षेत्रातला, माझ्यापेक्षा थोडा मोठा. ती हरकत अंशतः मान्य झाली. त्यात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्याची पर्यायी आखणी खरंच चांगली होती.

मग प्रत्येक हरकतीवर अभिप्रायाचा मसुदा करायचा होता. खळ्याचा माझ्या वाट्याला आला. मी कंपनीतल्या आमच्या सरांकडे गेले. म्हटलं, सर, ती जागा मोकळी नाही, मी चुकीचं भरलंय. ते शांतपणे म्हणाले, "नकाशा प्रसिद्ध झालाय. एक बदललास तर दोनशे बदलावे लागतील." मी जागेवर येऊन टाइप केलं: सदर जागा विद्यमान भूवापर नकाशानुसार मोकळी असून अर्जदारांनी मालकीबाबत पुरावा सादर केलेला नाही. सबब हरकत अमान्य करण्याची शिफारस.

विद्यमान भूवापर नकाशानुसार. म्हणजे माझ्यानुसार. त्यांच्याविरुद्धचा पुरावा मी होते. फोटो फाइलला जोडले. ते परत दिले गेले का, हे मी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग तर उलट गावठाणांच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. नोकरी सोडून आठ महिने मी तेच केलं. गावांना हरकती लिहून द्यायचे, मोजणी समजावून सांगायचे. नवी मुंबईला सगळे नियोजित शहर म्हणतात. 1970मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको झाली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, सेक्टर आखले गेले आणि गावं मधल्या बेटांसारखी राहिली. गरजेपोटी बांधलेली घरं वर्षानुवर्षं अनधिकृत म्हणून मोजली गेली. कामाला तोटा नव्हता. पण गावाने वर्गणी काढून दिलेले पैसे घेताना माझा हात पुढे होत नसे, आणि न घेता बाबांची औषधं येत नसत. आठव्या महिन्यात मी ठाण्यातल्या या कंपनीत रुजू झाले.

इथे मी काय करते? जमिनीवर किती बांधता येईल ते काढते, टीडीआर, म्हणजे एका जमिनीचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची सोय, बघते, आरक्षित भूखंड असेल तर मालकाने सुविधा बांधून महापालिकेला द्यायची आणि उरलेलं वापरायचं, त्याचा हिशेब मांडते. असं एक मैदान आणि एक आरोग्य केंद्र मी प्रत्यक्षात उभं राहिलेलं पाहिलंय. सल्लागार कंपनीच्या साडेचार वर्षांत मी कागदावर शेकडो आरक्षणं टाकली, त्यातलं एकही उभं राहिलेलं पाहिलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं आणि ते मी कोणालाही पुसू देणार नाही.

आणि नगररचना कायद्याच्या कलम 127च्या नोटिसाही मीच लिहिते. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. 24 महिन्यांत महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. महापालिकेकडे पैसे नसतात. मागच्या वर्षी एका बागेचं आरक्षण असंच गेलं. नोटीस बिनचूक होती.

26 वर्षांची मी आज समोर आली तर म्हणेल, तू ज्यांच्यासाठी शिकलीस त्यांच्या विरुद्ध बाजूला बसलीस. तिला मी म्हणेन, विरुद्ध बाजूला तर तूच बसली होतीस, लॅपटॉप घेऊन. ती म्हणेल, मी निदान रडले होते. याला माझ्याकडे उत्तर नाही. 2024मध्ये ठाण्याचा प्रारूप आराखडा आला तेव्हा संध्याकाळी ऑफिसनंतर मी दोन पाड्यांच्या हरकती लिहून दिल्या, फोटोंची यादी तारखांसकट जोडली, एकही पैसा घेतला नाही. पण आमच्या कंपनीच्या जमिनी ज्या भागात आहेत तिथलं एकही काम घेतलं नाही. हेही लिहायलाच हवं.

या पावसाळ्याआधी माझ्या टेबलावर एक प्रस्ताव आला. त्या जुन्या शहरातला, खाडीकडचा. जमिनीला 18 मीटरचा प्रस्तावित रस्ता लागतो, आणि 2020च्या बांधकाम नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम, जास्त. मी नकाशा उघडला. रस्ता तोच होता. साहेबांना सांगितलं, हे मी करणार नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि फाइल शेजारच्या मुलाला दिली. दोन वर्षांपूर्वीच मास्टर्स करून आलेला, हुशार मुलगा आहे. त्याने दोन दिवसांत करून दिलं. मधे एकदा माझ्याकडे येऊन त्याने विचारलं, "मॅडम, इथे एक जागा कोरी दिसतेय, काय आहे तिथे?"

मी त्याला खुर्ची दिली आणि खळ्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अहवालात लिहू का हे?" मी म्हटलं, लिही. त्याने लिहिलं, एक परिच्छेद. तो परिच्छेद पुढे कोणी वाचला का, मला माहीत नाही. रस्ता अजून झालेला नाही.