काबूलची तनखा

अफगाणिस्तानचा विषय निघाला की आमच्या कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ते साम्राज्यांचं कबरस्तान! इंग्रज हरले, रशियन हरले, अमेरिकन हरले." आवाजात असा अभिमान, जणू हाच खिंडीत बंदूक घेऊन बसला होता. मला हे ऐकून वैताग येतो. नोकरीची सगळी वर्षं सरकारी खात्यांचं ऑडिट करण्यात गेली. त्यामुळे कुठलीही पराक्रमाची गोष्ट ऐकली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, पगार कोण देत होतं? काबूलच्या बाबतीत हा प्रश्न विचारून बघा. दोनशे वर्षांचा इतिहास वेगळाच दिसायला लागतो.

आपल्याकडे अफगाण म्हणजे अब्दाली आणि १७६१. पण अब्दालीचं राज्य चालायचं कशावर? कंदाहारकडच्या दुर्राणी सरदारांना त्याने जमीनसाऱ्यात सूट दिलेली, बदल्यात घोडेस्वार घ्यायचे. डोंगराळ मुलखातून वसुली होऊन होऊन किती होणार? खरी आवक पंजाब, काश्मीर, सिंध, पेशावर इथली. त्याच्या नातवांनी आपापसांत भांडून, भावाने भावाचे डोळे काढून, हे सगळं घालवलं. १८१९ ला काश्मीर रणजितसिंहाकडे गेलं, १८३४ ला पेशावर. काबूलच्या गादीवर बसणाऱ्याकडे उरला मोठ्या राज्याचा खर्च आणि छोट्या राज्याचं उत्पन्न. पुढचं सगळं या तुटीतून आलंय असं माझं मत आहे.

काबूलचा अमीर दोस्त महंमद खान याला पेशावर परत हवं होतं. त्यासाठी तो इंग्रजांशी बोलला, आणि १८३७ च्या डिसेंबरात काबूलला आलेल्या रशियन वकिलाशीही बोलला. इंग्रजांना रणजितसिंहाला दुखवायचं नव्हतं आणि रशियाची धास्ती तर इतकी की झोप उडालेली. मग त्यांनी लुधियान्यात आपल्याच पेन्शनीवर बसलेल्या अब्दालीच्या नातवाला, शाह शुजाला, उचललं आणि १८३९ मध्ये काबूलच्या गादीवर नेऊन बसवलं. त्या फौजेची एक तुकडी मुंबईहून जहाजाने सिंधमध्ये उतरली होती. कुलाब्याचं अफगाण चर्च म्हणजे त्या मोहिमांमधल्या मृतांचं स्मारक. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. शिपायांची नाहीत, ते फार होते म्हणून, असं तिथेच लिहून ठेवलंय. (हजेरीपटावर बरी सगळ्यांची नावं मावत असतील.)

तर मुद्द्याची नोंद. काबूलहून जलालाबादला जाणाऱ्या खिंडी पूर्वेकडच्या घिलजई टोळ्यांच्या ताब्यात. वाट उघडी ठेवायची, डाक आणि काफिले सुखरूप जाऊ द्यायचे, यासाठी त्यांना वर्षाला ८०,००० रुपये मिळत. ही काही लाच नव्हती, जुना रिवाज होता. मोगलही त्या खिंडींसाठी पैसे मोजत आले होते. १८४१ मध्ये कलकत्त्याहून खर्च कमी करण्याचा तगादा लागला. काबूलमधला इंग्रजांचा वकील मॅकनॉटन याने घिलजई सरदारांना बोलावून रक्कम निम्म्यावर आणल्याचं सांगितलं. सरदारांनी निमूट ऐकून घेतलं, आपल्या मुलखात गेले, पहिला काफिला लुटला आणि वाट बंद केली. २ नोव्हेंबरला काबूल शहरात इंग्रज अधिकारी बर्न्स मारला गेला, २३ डिसेंबरला खुद्द मॅकनॉटन. ६ जानेवारी १८४२ ला सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे बर्फातून निघाले, ते त्याच खिंडींच्या दिशेने. १३ तारखेला डॉक्टर ब्रायडन जखमी अवस्थेत जलालाबादला पोचला. बाकीचे मेले, थोडे कैद झाले, आणि किती हिंदुस्तानी नोकरचाकर गुलाम म्हणून विकले गेले त्याची मोजदाद नाही.

बंडाचं कारण एवढंच होतं असं नाही. परकी फौज शहरात ठाण मांडून बसली होती, महागाई झाली होती, बायकांवरून लोकांच्या मनात खदखद होती. पण माझ्या टेबलावरून 'बचती'चे जेवढे प्रस्ताव गेले, त्यात ४०,००० रुपयांच्या या काटकसरीइतका महागात पडलेला एकही नसेल.

इंग्रज यातून शिकले, हे मान्य करायला हवं. जानेवारी १८५७ मध्ये त्यांनी पुन्हा गादीवर आलेल्या त्याच दोस्त महंमदला, आता इराणविरुद्ध, महिना एक लाख रुपये सुरू केले. चार महिन्यांत मेरठ पेटलं. पंजाबातली गोरी पलटण दिल्लीकडे वळली, तोवर इंग्रजांकडे आलेलं पेशावर जवळजवळ उघडं पडलं, आणि ज्या पेशावरसाठी त्याने गादी गमावली होती तिकडे दोस्त महंमद फिरकला नाही. दिल्ली परत घ्यायला इंग्रजांनी काय काय केलं ते आपण शाळेत शिकतो. हा खर्च त्यात कुणी धरत नाही.

१८७९ ची गोष्ट तर पगारवाटपाचीच आहे. रशियन शिष्टमंडळ काबूलला आलं आणि इंग्रजांचं खैबरच्या तोंडाशी अडवलं गेलं, म्हणून दुसरं युद्ध झालं. मे महिन्यात गंडमकच्या तहात नवा अमीर याकूब खान याने परराष्ट्र व्यवहार आणि खिंडींचा ताबा देऊन टाकला. त्याला वर्षाला सहा लाख रुपये मिळायचे होते. इंग्रजांचा वकील कॅव्हाग्नारी काबूलच्या बाला हिसार किल्ल्यात राहायला आला. ३ सप्टेंबरच्या सकाळी हेरातहून आलेल्या पलटणी किल्ल्यात पगारासाठी उभ्या राहिल्या. कित्येक महिन्यांची थकबाकी होती आणि हातावर ठेवत होते एका महिन्याचा पगार. आरडाओरडा झाला, सेनापती मध्ये पडला तर त्याला बदडून काढलं. मग कुणीतरी म्हणालं, इंग्रजाकडे पैसा आहे, चला तिकडे. वकिलात किल्ल्यातच, हाकेच्या अंतरावर. कॅव्हाग्नारीने पैसे द्यायला नकार दिला. त्याच्या दृष्टीने बरोबरच, ती त्याची फौज नव्हती. दगडफेक झाली, आतून गोळी सुटली, शिपाई छावणीत जाऊन बंदुका घेऊन आले. दिवस मावळायच्या आत कॅव्हाग्नारी, त्याचे गोरे साथीदार आणि गाइड्स पलटणीचे सत्तरेक हिंदी जवान, जवळजवळ सगळे मेले. अमीर तेवढा वेळ आपल्या वाड्यात बसून होता. त्याच्या हातात ना पैसा ना फौज, बाहेर येऊन तरी करणार काय?

पुढच्या वर्षी मैवंदला याकूबचा भाऊ अयूब खान याने इंग्रज ब्रिगेडचा धुव्वा उडवला. त्यात मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, हजाराच्या आसपास माणूस पडलं. पश्तून घरांत अजून मलालईची गोष्ट सांगतात, पदर फडकवत पळणाऱ्यांना मागे वळवणारी. कट्ट्यावरच्यांना आवडणारा भाग हा.

मला जास्त रस अब्दुर रहमानमध्ये. अकरा वर्षं रशियन मुलखात रशियाच्या पेन्शनीवर राहिलेला हा गडी १८८० मध्ये इंग्रजांच्या संमतीने अमीर झाला. १८८३ पासून वर्षाला १२ लाख. १२ नोव्हेंबर १८९३ ला हिंदुस्तान सरकारचा परराष्ट्र सचिव ड्युरँड याच्याबरोबर काबूलला हद्दीच्या रेषेचा करार केला आणि तनखा १८ लाख झाली, शिवाय हत्यारं आणायची मुभा. ही रेषा नकाशावर मोहमंद टोळ्यांच्या मधून गेली, वझिरी टोळ्यांना अलीकडे, इंग्रजांच्या बाजूला, ढकलून गेली. त्यांना कुणी विचारलं नाही. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, वझिरिस्तानपासून मालाकंदपर्यंत सगळा डोंगर उठला. आणि त्या पैशाच्या फौजेने अमिराने घरात काय केलं? घिलजईंचं बंड चिरडलं, मग १८९१ ते ९३ मध्ये हजारा जमातीला असं मोडलं की त्यांची बायकामुलं बाजारात विकली गेली. रशिया आणि इंग्रज यांच्यामधली भिंत मजबूत हवी होती, ती मजबूत झाली. ती भिंत कुणाच्या अंगावर उभी राहिली, हे लंडनला वा सेंट पीटर्सबर्गला विचारायचं कारण नव्हतं.

या खतावणीत एकच माणूस असा, ज्याने तनखा सोडून स्वातंत्र्य घेतलं, अब्दुर रहमानचा नातू अमानुल्ला. ऑगस्ट १९१९ च्या रावळपिंडी तहात इंग्रजांनी स्पष्ट लिहिलं: आधीच्या अमिराची थकबाकी जप्त, नव्याला तनखा नाही. बदल्यात परराष्ट्र व्यवहार मोकळा. मग शाळा, रस्ते, कायदे यांसाठी पैसा आणायचा कुठून? सारा धान्याऐवजी रोखीत मागितला, वाढवला, शिपायांचा पगार कापला. १९२८ च्या नोव्हेंबरात शिनवारी टोळीवाले उठले, तेव्हा त्याच्यासाठी लढायला कापलेल्या पगाराचे शिपाई होते. लोक म्हणतात राणीच्या उघड्या चेहऱ्याने घात केला. केलाही असेल, पण मी पगारपत्रक आधी बघतो. १९२९ मध्ये तो पळून मुंबईत आला, इथे त्याला मुलगी झाली, तिचं नाव त्याने 'इंडिया' ठेवलं, आणि इथूनच बोटीने युरोपला गेला.

पुढचं भरभर सांगतो, कारण रकाने तेच आहेत, फक्त नावं बदलली. शीतयुद्धात काबूल-कंदाहार रस्ता अमेरिकेने बांधला, कंदाहार-हेरात रशियाने. फेब्रुवारी १९८९ मध्ये रशियन फौज गेली, तरी त्यांच्या पाठबळावरचा अध्यक्ष नजीबुल्ला तीन वर्षं टिकला. जानेवारी १९९२ ला मॉस्कोचा पैसा थांबला, उत्तरेतल्या दोस्तम या सेनानीची पगारी फौज फिरली, एप्रिलमध्ये सरकार गेलं. नंतर अमेरिकेच्या काळात तर सरकारी खर्चाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून यायचा. त्या पैशावर अमेरिकेने २००८ मध्ये खास ऑडिटर नेमला होता. कागदावर पगार घेणारे आणि प्रत्यक्षात नसलेले शिपाई त्याने वारंवार दाखवून दिले. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते अहवाल वाचवत नाहीत. आक्षेप बरोबर, उत्तर तेच, पुढच्या वर्षी पुन्हा तोच आक्षेप.

आता तालिबानचं सरकार बरचसं करावर आणि जकातीवर चालतं. म्हणजे कधी नव्हे ते घरच्या पैशावर, आणि तरी सहावीपुढे मुलींना शाळा नाही. माझा पगाराचा प्रश्न इथे अपुरा पडतो. जकातीचा एक मोठा नाका तोरखम, पाकिस्तानला लागून असलेल्या त्याच ड्युरँड रेषेवरचा. १९४७ नंतर काबूलच्या एकाही सरकारने ही रेषा सरहद्द म्हणून मानलेली नाही, तालिबाननेही नाही. पण खजिना भरतो तो तिथल्या फाटकावर. २०२५ च्या ऑक्टोबरात पाकिस्तान आणि अफगाणिस्तान, दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, तोरखम आणि चमन हे नाके बंद झाले, ट्रकांच्या रांगा लागल्या आणि वसुली थांबली.