पाकिटावरचे लोह आणि अंगी लागणारे लोह

ठाण्यातल्या बहुतेक मोठ्या किराणा दुकानांत आता पिठाच्या आणि मिठाच्या काही पाकिटांवर निळ्या रंगातले ‘प्लस एफ’ हे चिन्ह दिसते. हे अन्न पोषकतत्त्वे घालून समृद्ध केलेले आहे, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या सोसायटीतील अनेक जणी हिमोग्लोबिन कमी आल्यावर पहिल्यांदा असेच पाकीट घरी आणतात आणि त्यावरचा लोहाचा आकडा वाचून निश्चिंत होतात. परंतु तो आकडा कारखान्यात किती लोह घातले एवढेच सांगतो. त्यातले किती लोह आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाईल, हे लोह ज्या रासायनिक रूपात घातले तो क्षार, ताटातले इतर पदार्थ आणि खाणाऱ्या बाईच्या शरीरातला साठा या तीन गोष्टींवर ठरते.

प्रश्न किती मोठा आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून (२०१९-२१) दिसते. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला दररोज सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह रक्तात शोषले जाण्याची गरज असते. तरीही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये स्त्रियांसाठी रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली (पुरुषांसाठी १९). आपल्या धान्यप्रधान जेवणातले जेमतेम आठ टक्के लोह अंगी लागते, हे गृहीत धरल्यामुळे आणि ज्यांची गरज सरासरीहून अधिक आहे अशा स्त्रियांचाही विचार केल्यामुळे हा आकडा इतका फुगतो.

आता पिठाचा हिशोब करून पाहू. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार एक किलो समृद्ध आट्यात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे लागते. मात्र ते सोडियम आयर्न ईडीटीए (लोहाला धरून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाशी जोडलेले लोह) या रूपात घातले असेल, तर १४ ते २१.२५ मिलिग्रॅम पुरते. निम्मे प्रमाण चालते, याचाच अर्थ ईडीटीएमधले लोह अधिक शोषले जाते, हे मानक लिहिणाऱ्यांनीच मान्य केलेले आहे. दिवसभरात दीडशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाणाऱ्या बाईला ईडीटीएयुक्त पिठातून दोन ते तीन मिलिग्रॅम जादा लोह मिळते. गव्हात मुळातच शंभर ग्रॅममागे सुमारे चार मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे तेवढ्याच पोळ्यांतून नैसर्गिक लोह सहा मिलिग्रॅमच्या घरात येते. ते अंगी का लागत नाही, याचे उत्तर कोंड्यात आहे. कोंड्यातले फायटेट हे नैसर्गिक रसायन लोहाला असे धरून ठेवते की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. ईडीटीए लोहाला फायटेटच्या तावडीतून वाचवते आणि पिठातल्या मूळच्या लोहालाही थोडा हात देते. म्हणून जास्त फायटेट असलेल्या जेवणात त्याचे शोषण फेरस सल्फेट या लोहाच्या साध्या क्षाराच्या दोन ते तीन पट होते. त्यामुळे पाकीट घेताना पुढच्या बाजूच्या चिन्हापेक्षा मागची घटकयादी वाचावी, असे माझे मत आहे. अर्थात आपल्याकडे गहू निवडून गिरणीतून दळून आणणारी घरे अजूनही पुष्कळ आहेत आणि त्या पिठाला यातले काहीच लागू होत नाही.

रेशनच्या तांदळाचे गणित याहून निराळे आहे. सरकारी योजनांतून दिला जाणारा तांदूळ २०२४ पर्यंत समृद्ध केलेला असेल, अशी घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी केली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळतात. पांढऱ्या तांदळात मुळात लोह फारच थोडे, शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमहूनही कमी असते, त्यामुळे येथे घातलेल्या लोहाला पिठापेक्षा अधिक महत्त्व येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या, लोकमान्यनगरात राहणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या, “वहिनी, आमच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे येतात, मी सुपात घेऊन सगळे निवडून टाकते.” त्यांनी पुडीत बांधून आणलेले दाणे मी पाहिले. ते शेजारच्या तांदळापेक्षा किंचित पिवळट, चकाकी नसलेले आणि जरा जास्तच एकसारखे होते. पाण्यात ठेवल्यावर ते मऊ पडले आणि बोटांत चुरडले गेले. जे लोह द्यायचे म्हणून एवढी यंत्रणा उभी राहिली, ते सगळे त्या मूठभर दाण्यांतच असते आणि नेमके तेच सुपातून कचऱ्यात जाते. शिधापत्रिकेवर तांदूळ देताना दोन वाक्यांत ही माहिती सांगितली गेली असती, तर एवढे झाले नसते.

तांदळात बहुधा फेरिक पायरोफॉस्फेट हा लोहाचा क्षार वापरतात, कारण ते पाण्यात विरघळत नाही आणि भाताचा रंग किंवा चव बिघडवत नाही. हा गुणच शोषणाच्या बाबतीत दोष ठरतो. जे विरघळत नाही, ते जठरातल्या आम्लातही पुरते मोकळे होत नाही. अशा भाताबरोबर आंबट काहीतरी हवेच. लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो किंवा पेरू यांतले क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणते, मात्र ते त्याच जेवणात पोटात गेले पाहिजे. लिंबू वाढताना वरून पिळावे, कारण शिजवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. कडधान्यांना मोड आणल्याने फायटेट कमी होते, त्यामुळे मटकीची उसळ आणि वर पिळलेले लिंबू ही जोडी शास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे.

या सगळ्यावर पाणी फिरवण्याचे काम आपला चहा करतो. ठाण्याहून सकाळची लोकल गाठणाऱ्या कितीतरी बायकांची न्याहारी म्हणजे चहा-चपाती. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण स्त्रियांना समस्थानिकांची (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंची) खूण असलेले लोह भातातून देऊन शोषण मोजले. जेवणाबरोबर एक कप चहा घेतल्याने शोषण साधारण निम्म्याने घटले आणि दोन कपांनी सुमारे दोन तृतीयांशाने. चहा सोडावा, असे मी कोणाला सांगणार नाही आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. परंतु जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले, तर हा परिणाम बराच सौम्य होतो. चपाती डब्यात नेऊन कार्यालयात पोचल्यावर खाणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी निरोगी स्त्रियांच्या सुमारे अडीच पट लोह शोषून घेतले. यामागे यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक आहे. साठा भरलेला असला की हेपसिडिन वाढते आणि सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखे आतड्यातले लोह रक्तात शिरू देत नाही. साठा घटला की तेच दार मोकळे सोडते. त्यामुळे ज्या बाईला गरज आहे, तिला समृद्ध अन्नाचा लाभ अधिक होतो आणि साठा भरत जाईल तसा तो आपोआप मंदावतो. मात्र शरीरात दाह (आतली सूज) असेल, तर हेपसिडिन साठा रिकामा असतानाही वाढलेले राहते. जंतुसंसर्गात असे होते आणि स्थूलतेतही होते. वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये लोहाचे शोषण कमी आढळते, क जीवनसत्त्वाचा लाभही त्यांना तुलनेने कमी मिळतो. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांनी मात्र लोह घातलेले अन्न वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये, कारण त्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असते. सिंधी समाजात या आजाराचे वाहक अधिक आढळतात आणि आपल्या जिल्ह्यातल्या उल्हासनगरात हा समाज मोठ्या संख्येने राहतो. वाहकाचे हिमोग्लोबिनही थोडे कमी असू शकते, ते लोहाच्या अभावामुळेच आहे असे धरून चालू नये. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन, हेही तपासून घ्यावे. फेरिटिन प्रतिलिटर १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर साठा संपला आहे असे समजतात आणि तेथे केवळ समृद्ध पिठावर विसंबून न राहता डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात. ही तपासणी ताप किंवा खोकला असताना करू नये, कारण दाहामुळे फेरिटिन वाढलेले दिसते आणि रिकामा साठाही अहवालात भरलेला भासतो.