आमची वाटचाल: इसाऱ्याच्या आधी

2009 साली दापोलीत एसटी स्टँडच्या मागे एका गाळ्यात आम्ही नवरा-बायकोने टेबल टाकलं. तेव्हा काम एवढंच, जागा दाखवायची, सौदा जमवायचा, दोन टक्के घ्यायचे. मुंबई-पुण्याची माणसं शनिवारी यायची, कर्दे, मुरुड, लाडघर फिरायची आणि टेकाडावरून समुद्र दिसला की तिथेच इसारा, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायला निघायची. आम्हीही त्यांना थांबवत नव्हतो. सातबारा कोरा आहे ना, मग झालं, अशी आमचीच समजूत होती.

ती समजूत आमच्याच पैशांनी मोडली. आम्ही दोघं शेतकरी खातेदार. 2011 मध्ये केळशी रस्त्याला 22 गुंठे वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन घेतली, थोडे भिशीचे पैसे, बाकी पतपेढीचं कर्ज. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं, तिघांच्या सह्या, खरेदीखत रीतसर नोंदलं. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोटीस निघाली आणि हरकत आली. भावांना एक बहीण होती, लग्न होऊन विरारला गेलेली. वडील वारले तेव्हा वारस नोंदीत तिचं नाव कुणी घातलंच नव्हतं. चार वर्षं प्रकरण चाललं, कर्जाचं व्याज वेगळं. शेवटी माझी बायको एकटी विरारला गेली. ताई म्हणाल्या, "मला जमीन अडवायची नव्हती हो, पण मला कुणी विचारलंच नाही." त्यांचा वाटा त्यांना दिला, त्यांनी सही केली.

दस्त नोंदला म्हणजे मालकी पक्की झाली, हा नवख्या गुंतवणूकदाराचा सगळ्यात महाग गैरसमज आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, विकणाऱ्याचा हक्क निर्मळ आहे की नाही याची हमी देत नाहीत. सातबाराही महसुली नोंद आहे. कोकणात तर एका खात्यावर वीस-पंचवीस नावं सहज असतात, त्यातले निम्मे चाकरमानी, काही वारलेले, काहींचे वारस सुरतेला. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, तरी वाड्यावाड्यांतून अजून "बहिणी काही बोलणार नाहीत" असं सांगून सौदे होतात.

2015 मध्ये आम्ही दलाली सोडली. सौदा होवो न होवो, फाइल तपासायची ठरलेली फी घ्यायची, एवढंच काम ठेवलं. दोन वर्षं कमाई निम्म्यावर आली. घरात वाद झाले, गाळा सोडायची वेळ आली होती. पण दलाली सौदा झाला तरच मिळते, मग "ही जागा घेऊ नका" हे कोण सांगणार? आजही मला तोच निर्णय सगळ्यात बरोबर वाटतो.

फाइल म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा तीस वर्षांचा शोध, आणि त्याच्याही मागचे फेरफार. जुने फेरफार मोडी लिपीत असतात. बायको मोडी शिकली, आता तीच वाचते. सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं नाव आहे का, जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी तर नाही ना, खाजगी वनाचा शेरा आहे का, हे आधी बघतो. घेणारा शेतकरी आहे का, हा प्रश्न तर पहिल्याच फोनवर. नसेल तर शेतजमीन तशीच घेता येत नाही, आणि "शेतकरी दाखल्याचं आम्ही बघू" म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. शेतजमिनीवर रंगीत खांब रोवून पाच-पाच गुंठ्यांचे "प्लॉट" विकतात, त्यांना शेताचे फार लहान तुकडे करू न देणारा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

कागद जुळला की जमिनीवर जायचं, आणि शक्यतो मे महिन्यात. पावसाळ्यात सगळं कोकण हिरवं असतं, विहिरीही भरलेल्या. मे मध्ये कळतं की कातळावर पाणी नाही आणि टँकर वर चढत नाही. रस्ता नकाशावर आहे की फक्त शेजाऱ्याच्या मेहरबानीची पायवाट आहे, तेही विचारावं. शेजाऱ्याने गडगा, म्हणजे दगडी कुंपण घातलं की गाडी खालीच राहते. मोजणी करून घ्यावी, कारण दाखवलेली जागा आणि गट नंबर दोन वेगळ्या ठिकाणी निघालेले आम्ही पाहिलेत. समुद्रालगतच्या बहुतेक गावांत भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. ज्या दृश्यासाठी माणूस पैसे मोजतो, तिथे घर बांधता येत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या एका ग्राहकाने सगळी पुंजी घालून नारळ-पोफळीची (सुपारीची) बाग आणि दोन खोल्यांचा होमस्टे घेतला होता. पत्रे उडाले, बाग आडवी झाली, वीज कित्येक दिवस नव्हती. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. त्याची फाइल आम्हीच तपासली होती, त्यात खोट नव्हती. पण हाताशी पैसे ठेवा, हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

म्हणून आता पैशांचंही बोलतो. आहे तेवढं सगळं जमिनीत घालू नका, कुंपण, विहीर, राखण आणि एका वाईट वर्षाचे पैसे बाजूला ठेवा. शेतजमिनीला गृहकर्ज मिळत नाही म्हणून काही जण वैयक्तिक कर्ज काढतात. ते काढू नका. "हायवे झाला की भाव दुप्पट" हे ऐकून कर्जावर जागा घेतलेले लोक मला माहीत आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, आणि हप्ता दर महिन्याला येतो. विकायला काढली तरी गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. चार मित्रांनी मिळून घ्यायची असेल तर आधी वाटप लिहून काढा, मैत्री चांगली असतानाच.

आता आम्ही दोघं आणि एक मदतनीस मुलगी आहोत. सध्या टेबलावर ठाण्याच्या एका जोडप्याची फाइल आहे, आंजर्ल्याकडची, 17 वारसांची. पंधरा सह्या तयार आहेत. उरलेल्या दोघी बहिणी आहेत, एक पनवेलला, एक महाडला. रविवारी बायको आणि मी दोघींना भेटायला निघतोय.