उठून गेलेली खुर्ची

लेकीच्या ब्रिस्टलच्या घरी फ्रिजवर जावयांचा एक जुना फोटो आहे. लग्नाआधीचा, केस शाबूत असतानाचा. एका खुर्चीच्या पायाला टेकून ते उभे आहेत आणि खुर्चीची बैठक त्यांच्या डोक्याच्या बरीच वर. मला वाटलं, कंप्युटरवर केलेली करामत असेल.

"नाही बाबा, खरीच आहे," लेक म्हणाली. मग जरा थांबून, "होती."

इंग्लंडच्या पश्चिमेला सेव्हर्न आणि वाय या नद्यांच्या बेचक्यात फॉरेस्ट ऑफ डीन नावाचं जंगल आहे. १९८६ साली तिथे शिल्पांची पायवाट सुरू झाली, तेव्हाची ही खुर्ची. मॅग्दालेना येतेलोवा या चेक शिल्पकर्तीने ओकच्या ओबडधोबड ओंडक्यांतून उभी केलेली. शिल्पाचं नाव 'प्लेस', म्हणजे जागा. लोकांनी ते काही मनावर घेतलं नाही. ते तिला राक्षसाची खुर्चीच म्हणत राहिले. बारशाला एक नाव आणि हाकेला भलतंच, हे आपल्याकडेच चालतं असं नाही.

आपल्याला खुर्ची म्हटलं की आधी तिच्यावर कोण बसलंय ते आठवतं, मग कोण कधीपासून टपून बसलंय ते. या खुर्चीवर बसायची सोयच नव्हती. टेकडीवर ती रिकामी उभी असायची, समोर कॅनॉपची दरी. माणसं चढून यायची, पायांमधून आरपार जायची, मान वर करून बघायची आणि घरी जायची.

आम्ही गेलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. वाटेत ओकची झाडं. हे जंगल म्हणजे एके काळी आरमाराचं लाकूडकोठार. १८०२ मध्ये ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन इथे येऊन गेला आणि जहाजांना ओक पुरायचा नाही म्हणून चिंतेत पडला. मग ओक लावले. ते जहाजजोगे होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली. ओकला घाई कधीच नसते, घाई आरमाराला.

टेकडीवर पोचलो. ओले नेचे, चिखल, समोर दरी. मी खाली वाकून पायांचे खळगे शोधू लागलो. पाठ धरली, खळगे काही सापडले नाहीत.

लाकूड नुसत्या पाण्याने सहसा मरत नाही आणि नुसत्या उन्हानेही नाही. भिजायचं, वाळायचं, पुन्हा भिजायचं, यात ते मरतं, आणि हा खेळ सगळ्यात जास्त चालतो तो जमिनीलगत. आमच्या संगमेश्वराकडे मांडवाची मेढ पुरताना बुंधा आधी भाजून काळा करतात, तो वाळवीसाठी आणि यासाठीही. गंमत अशी की याच पायवाटेवर डेव्हिड नॅश नावाच्या शिल्पकाराने १९८६ मध्येच लार्च नावाच्या झाडाचे ९०० खुंट भाजून, जमिनीत रोवून काळा घुमट केला होता. आमचे आजोबा भाजायचे ते मेढ टिकावी म्हणून. यांनी भाजून पुरलं ते हळूहळू कुजून मातीला मिळावं म्हणून. आजोबांनी त्यांना नक्की वेड्यात काढलं असतं.

खुर्ची मात्र भाजलेली नव्हती. ओकच तो, पण तिथला पाऊस! लाकूड कुजत गेलं, खाली उभं राहणं धोक्याचं झालं आणि २०१५ मध्ये ती उतरवली. तिच्या लाकडाचा जुन्या पद्धतीने कोळसा पाडला. मला आधी हे ऐकून वाईट वाटलं, आपल्याकडे कोळसा हा उगाळायचा किंवा हिऱ्याच्या बदल्यात मिळायचा. पण या जंगलात शतकानुशतकं लोखंड गाळलं ते कोळशावरच. रायगडात कातकरी भट्टी लावायचे तशी इथेही लागायची. लाकूड रचायचं, माती लिंपायची, धुराचा रंग बघत रात्री जागवायच्या. भट्टी उघडली की निम्म्याहून कमी ऐवज उरतो, पण वाजवला तर खणखणीत. उघड्यावर कुजून भुगा होण्यापेक्षा खुर्चीचं हे बरं झालं, असं आता मला वाटतं.

"पाय कुठे होता?" मी विचारलं. जावई चार पावलं डावीकडे गेले, दरीकडे बघून अंदाज घेतला, परत दोन पावलं मागे आले.

"इथे. नाही, इथे."

लेकीने फोन काढला. जुन्या फोटोतल्यासारखेच उभे राहा म्हणाली. त्यांनी हवेत उजवा हात वर धरला, खांदा किंचित कलता केला, हसले. तो फोटो मी चिपळूणला धाकट्या भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "जावई एसटीत उभे आहेत का रे?"