इन्स्ट्रुमेंटची हाइट एकशे एक मीटर

दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले. तिथं उंची म्हणजे उंची. माडाची, डोंगराची, धरणाची, वर्गातल्या पोरींची, सगळ्यांना तो एकच शब्द पुरायचा. (शहापूरच्या दुकानात साडीला ‘उंची’ म्हणतात तो हिशेब वेगळा, ती उंची पैशात मोजायची.) कन्नडच्या तासाला ‘एत्तर’ शिकलो, तोही असाच एकटा सगळीकडे राबणारा. त्यामुळे बेळगावला सिव्हिल डिप्लोमाला आल्यावर हाइट, एलिव्हेशन, अल्टिट्यूड, लेव्हल अशी फौज समोर आली तेव्हा मला वाटलं, इंग्रजीत एकाच गोष्टीला उगाच चार नावं ठेवलीत. पाठ केली की झालं.

पहिला फटका सर्व्हेइंगच्या दुसऱ्याच तासाला बसला. सरांनी मैदानातल्या एका दगडाकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘याचं एलिव्हेशन किती?’’ मी म्हटलं, ‘‘सर, अजून काढलं नाही.’’ वर्ग हसला. माझी काय चूक? आमच्याकडे एलिव्हेशन म्हणजे घराचा दर्शनी भाग. गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळे तेच म्हणतात. ‘एलिव्हेशनला टाइल्स लावूया’, ‘शेजाऱ्याचं एलिव्हेशन बघा की, काय भारी केलंय’. ड्रॉइंगच्या तासालाही प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन हेच चाललं होतं. सर मात्र विचारत होते तो दगड समुद्रसपाटीपासून किती वर आहे ते. शब्द एकच, तास बदलला की अर्थ बदलतो, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता.

लेव्हलिंगचं, म्हणजे जमिनीची पातळी मोजायचं, प्रॅक्टिकल सुरू झालं तेव्हा आणखी एक अडचण. ग्रुपमध्ये आम्ही दोघी मुली, आणि स्टाफ धरायचं काम न विचारता आमच्याकडे आलं. स्टाफ म्हणजे चार मीटरची आकडे घातलेली पट्टी. ती उन्हात सरळ उभी धरायची, दुर्बिणीतून बघणार मुलगे. महिनाभर मी नुसता खांब झाले होते. शेवटी एका शनिवारी भांडून दुर्बिणीला डोळा लावला. ती दुर्बीण म्हणजे जुना डंपी लेव्हल होता, त्यात स्टाफ उलटा दिसतो. आकडे वरून खाली वाढत जाताना बघून गरगरलं, पण आडवी तार कुठं कापते ते सापडलं. 1.365.

आता वहीतला तक्ता. बी.एस. (पातळी माहीत असलेल्या जागेवरचं वाचन), एफ.एस. (नव्या जागेवरचं वाचन), एच.आय., आर.एल. (त्या जागेची निघालेली पातळी) अशी घरं. एच.आय. म्हणजे हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंट. मी शहाणपणानं टेप काढला, जमिनीपासून दुर्बिणीपर्यंत मोजलं आणि लिहिलं 1.42. सरांनी लाल पेनानं खोडलं आणि बाजूला लिहिलं 101.365. काही बोलले नाहीत, पुढच्या ग्रुपकडे गेले.

एकशे एक मीटर! तिपाईवर ठेवलेली, माझ्या खांद्याला लागणारी दुर्बीण? किल्ला तलावाजवळचा ध्वजस्तंभ 110 मीटरचा आहे, जवळजवळ तेवढीच? रात्री रूमवर मैत्रिणीला वही दाखवली. ती सांबऱ्याची, डोकं माझ्यापेक्षा थंड. ती म्हणाली, ‘‘बेंचमार्कचा आकडा काय दिलता?’’ बेंचमार्क म्हणजे पातळी आधीच ठरलेली खूण. कॉलेजच्या पायरीवरचा तो बेंचमार्क सोयीसाठी 100.000 मीटर धरलेला होता. म्हणजे पायरीच्या शंभर मीटर खाली एक मनातली सपाटी आहे, तिलाच डेटम म्हणतात, आणि सगळं तिथून मोजायचं. पायरीवर ठेवलेल्या स्टाफवर तार 1.365 ला लागली, म्हणजे नजरेची रेषा त्या सपाटीपासून 101.365 वर. मग समोरच्या खड्ड्यात स्टाफ ठेवून 2.040 वाचलं, ते वजा केलं की खड्ड्याचा आर.एल. 99.325. तिपाईचे पाय लांब करा नाहीतर आखूड, खड्डा तिथंच राहतो. नाव ‘हाइट’, काम एलिव्हेशनचं. ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्यावर माझा अजूनही राग आहे.

अल्टिट्यूडचा गुंता सुटला तो मैत्रिणीच्या मामांमुळे. ते वायुदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या पडवीत चहा पिताना ते म्हणाले, ‘‘आपल्या सांबऱ्याच्या धावपट्टीवर विमान उभं असतंय, चाकं जमिनीला टेकलेली. पण आतला काटा किती दाखवतोय म्हायतंय? अडीच हजार फुटांच्या जवळ. शून्य न्हवं.’’ कारण काटा समुद्रसपाटीच्या दाबाला जुळवलेला असतो, आणि सांबरा विमानतळच समुद्रापासून सुमारे 758 मीटरवर आहे. ते जमिनीचं एलिव्हेशन. विमान उडालं आणि धावपट्टीपासून हजार फूट वर गेलं, की हजार ही हाइट. काटा मात्र साडेतीन हजारांच्या आसपास, ते अल्टिट्यूड. मी विचारलं, मग त्रिकोणाच्या शिरोलंबालाही अल्टिट्यूडच का म्हणतात, तिथं समुद्र कुठला? मामा म्हणाले, ‘‘ते तुझ्या मास्तरला इचार.’’

टॉल आणि हाय यांच्याशी माझं भांडण निराळंच होतं. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये ‘आय ॲम फाइव्ह फीट हाय’ म्हणाले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी बाटलीची खूण केली. तिथं समुद्रबिमुद्र काही नाही, आकाराचा प्रश्न असतो. माणूस, झाड, खांब असं रुंदीच्या मानानं उभट असेल ते टॉल. डोंगर, भिंत हाय. आणि जे नुसतं वर आहे तेही हाय. छताचा पंखा हाय असतो, टॉल कधीच नाही. इमारतीला दोन्ही चालतं, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. वही चाळून त्यांनी एच.आय.वर बोट ठेवलं. ‘‘मेजर्ड फ्रॉम?’’ मी म्हटलं, ‘‘फ्रॉम डेटम सर, नॉट फ्रॉम ग्राउंड.’’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘किल्ला तलावाचा पोल हंड्रेड अँड टेन मीटर. हाइट ऑर एलिव्हेशन?’’ हाइट, सर. टोकाचं एलिव्हेशन साडेआठशे मीटरच्या वर जाईल. ते कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि पुढची मुलगी बोलावली. पास झाले.

सुट्टीत घरी गेले तर पावसाळा लागलेला. बाबा पेपरमधून मोठ्यानं वाचत होते, राकसकोपची पातळी 2475 फूट, जलाशय भरला. आजी म्हणाली, ‘‘एवढं खोल? बेळगाव बुडंल की गं.’’ इतकी वर्षं हा आकडा आमच्या घरात असाच वाचला जात होता आणि माझ्यासकट कुणीही विचारलं नव्हतं, की 2475 फूट कुठून. मी सांगितलं, ही पाण्याची खोली नव्हे, समुद्रापासूनची पातळी. भरलेलं राकसकोप आणि सांबऱ्याची धावपट्टी यांच्यात जेमतेम दहा-बारा फुटांचा फरक. आजीला ते पटलं नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘‘मग आपलं घर किती?’’

‘‘बेंचमार्क पायजे बाबा, त्याशिवाय कसं सांगणार?’’

दुसऱ्या दिवशी ते खतासाठी खानापूरला गेले होते. दुपारी फोन आला. मागून गाडीची अनाउन्समेंट ऐकू येत होती. ‘‘ठेसनात पिवळ्या बोर्डाखाली उभा हाय. खाली समुद्रसपाटीचा आकडा लिवलाय. मीटरात हाय, लिहून घे.’’