तिकडे जेवता काय, आणि कोणाबरोबर?

मी जर्मनीतल्या आखेन शहरात शिकायला होते हे कळले की नात्यातल्या मावश्या-काकूंपासून तिकडे निघायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींपर्यंत सगळेजण एकच विचारतात : ‘जेवणाचे कसे करायचीस गं?’ माझे हाल झाले असणार हे त्या प्रश्नात गृहीतच असते. हाल झाले नाहीत. पोटाची सोय महिन्याभरात लागते. अवघड असते ते कोणाबरोबर जेवायचे हे ठरवणे, आणि तेवढे मात्र कोणी विचारत नाही. तुम्ही मात्र ‘तिकडे जेवता काय, आणि कोणाबरोबर?’ असे दोन्ही विचारलेत, म्हणून दोन्हींचे उत्तर देते.

आधी सामानाबद्दल. जर्मन सुपरमार्केटमध्ये तूरडाळ सहसा मिळत नाही. पण लाल मसुराची डाळ, अख्खे मसूर आणि वाटाण्याची पिवळी डाळ सगळीकडे असते, आणि या पिवळ्या डाळीची आमटी गोडा मसाला घातल्यावर चांगली होते. दुधातल्या खिरीसाठी विकला जाणारा बुटका, गोल तांदूळ स्वस्त असतो. त्याला आंबेमोहोराचा वास नाही, तरी आसट भाताला आणि खिचडीला तो बासमतीपेक्षा बरा. कणकेचे जरा समजून घ्यावे लागते. तिथे पिठाच्या पुडीवर आकडा छापलेला असतो आणि तो शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅममधले प्रमाण सांगतो. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. पोळ्यांसाठी १०५० घ्यावे. रव्याचेही तसेच आहे : मऊ गव्हाच्या रव्याचा उपमा चिकट होतो, म्हणून कठीण गव्हाचा, पास्त्याच्या जातीचा रवा मागावा. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि भेंडी शहराच्या पूर्व भागातल्या तुर्की दुकानांत मिळतात, तर कढीपत्ता श्रीलंकेतल्या तमिळ लोकांच्या दुकानांत. नवलकोल मात्र तिथलीच भाजी आहे. पुण्यात ज्या भाजीला मी नाक मुरडत असे ती तिकडे हिरव्यागार पाल्यासकट समोर आली, आणि जर्मन मुले तिच्या कच्च्या फोडी नुसत्या खाताना पाहून मीही खाऊ लागले.

दुधदुभत्याच्या बाबतीत तर चंगळच. क्वार्क नावाचे ताजे, आंबूस चीज मिळते. त्यातले डब्यावर ‘चाळीस टक्के’ असे लिहिलेले (हा आकडा पाणी वगळून उरणाऱ्या भागातल्या स्निग्धांशाचा असतो) घेतले तर श्रीखंडासाठी चक्का टांगायची गरज उरत नाही, साखर, वेलदोडा आणि केशर घालून फेटले की झाले. ताक पेल्यांत भरून विकतात आणि त्याची कढी उत्तम होते. तूप घरून नेऊ नये आणि पेढेही नेऊ नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. तिथले लोणी सुरेख कढते.

आता दुसरा प्रश्न. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या भोजनालयात, म्हणजे मेन्झामध्ये होते. विद्यार्थी दर सहामाहीला जे शुल्क भरतात त्यातला काही भाग ही भोजनालये आणि वसतिगृहे चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेला जातो, त्यामुळे एकाच ताटाला विद्यार्थ्यांसाठी एक दर, कर्मचाऱ्यांसाठी दुसरा आणि पाहुण्यांसाठी तिसरा असतो. शाकाहारी पदार्थ रोज असतो, बहुतेकदा पूर्ण वनस्पतिजन्यही. चवीबद्दल मी फारशी तरफदारी करणार नाही. उकडलेल्या भाजीवर पांढरा सॉस ओतला की तिचे काम झाले, अशी तिथल्या आचाऱ्यांची ठाम समजूत असावी. मसुराचे दाट कालवण मात्र आवडायचे, वरून व्हिनेगर घालून. तरीही आपल्या मुलांनी डबा बाजूला ठेवून मेन्झात जावे असेच मी सांगते. साडेअकरा-बाराला प्रयोगशाळेतले सगळे एकदम उठतात, वाटेत भेटणारा प्रत्येकजण ‘मालत्साइट’ म्हणून जेवणाच्या शुभेच्छा देतो, आणि कोण कोणत्या प्राध्यापकाकडे प्रबंध करणार, कोणाची खोली रिकामी होणार, विद्यार्थी-साहाय्यकाची कुठली जागा निघणार हे सगळे त्याच टेबलावर कळते. डबा खोलीत नेऊन एकट्याने खाणाऱ्याला यातले काही कळत नाही आणि त्याचे जर्मनही सुधारत नाही.

खरी कसोटी संध्याकाळची. पुष्कळ जर्मन घरांत रात्रीचे जेवण म्हणजे पाव, चीज, काकडी-टोमॅटो. चूल पेटतच नाही. सातला आपण ताटावर बसतो तेव्हा हिवाळ्यात भारतात साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे घरी फोन करायचीही सोय नाही. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. न कळवता कोणाची बेल वाजवण्याची पद्धत नाही. जेवायला बोलावणे दोन-तीन आठवडे आधी येते, ते डायरीत लिहिले जाते, आणि मग त्यात बदल होत नाही. सुरुवातीला मला हे कोरडे वाटले, आजही सहज डोकावणाऱ्या शेजारणीची सर त्याला येत नाही असेच माझे मत आहे. पण ज्याने तारीख दिली तो माणूस त्या संध्याकाळी पूर्णपणे तुमचा असतो, हेही तितकेच खरे.

बिलाचेही असेच. हॉटेलात वाढपी स्वतःच विचारतो, एकत्र की वेगवेगळे, आणि प्रत्येकजण आपापले पैसे देतो. आपल्याकडच्या ‘मी देतो, मी देतो’च्या झटापटीत वाढलेल्यांना हा कद्रूपणा वाटतो, परंतु मोजक्या पैशांत महिना काढणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे सुटका होते. विद्यार्थी व्हिसासाठी बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावी लागणारी रक्कम सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो धरली जाते, आणि त्यातून खोलीचे भाडे व आरोग्यविमा वजा केल्यावर यजमानपण मिरवण्याइतके फारसे उरत नाही. वाढदिवसाला ज्याचा दिवस त्यानेच केक आणायचा असतो आणि आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नसतात, तो अपशकुन मानतात. केकऐवजी मी रव्याचे लाडू नेले होते. ‘यात अंडे नाही?’ यावरच अर्धा तास चर्चा झाली.

रविवारी दुकाने बंद. रविवारच्या विश्रांतीला तिथे थेट राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९च्या वायमार घटनेतले ते कलम आजच्या घटनेतही कायम ठेवलेले आहे. शनिवारी किराणा भरायचा राहिला तर आखेनकर बसने पाच-सहा किलोमीटरवरच्या फाल्स या डच गावात जातात, कारण तिथे रविवारीही दुकाने उघडी असतात. कांदे संपले म्हणून दुसऱ्या देशात जाऊन यायचे, हे आईला कधी पटले नाही. शनिवार-रविवारी बरेच जर्मन विद्यार्थी आपापल्या घरी जातात आणि वसतिगृहाच्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात उरतात ते परदेशी. माझा गोतावळा जमला तो इथेच. इराणी मैत्रीण भाताची खरवड मुद्दाम तळाशी लावायची, ती अखंड निघावी म्हणून पातेले ताटात उपडे करायची, आणि तो कुरकुरीत भाग पाहुण्याला आधी वाढायची. कॅमेरूनचा मुलगा शेंगदाणे वाटून रस्सा करायचा. त्यात मी गूळ आणि आमसूल सुचवले आणि त्याने ते ऐकले. फोडणीने धुराचा भोंगा वाजतो म्हणून खिडकी सताड उघडून, बाहेर शून्य अंश असताना, कोट घालून फोडण्या दिल्या जात.

मराठी मुलांचाही गट होता. मोठ्या पोत्यातली कणीक वाटून घेणे, गणपती तिथीऐवजी जवळच्या शनिवारी बसवणे, दिवाळीला घरून आलेला चिवडा मोजून वाटणे हे सगळे मनापासून होत असे, आणि आजारपणात धावून आले ते हेच लोक. पण रोजचे जेवण, रोजच्या गप्पा त्याच आठ-दहा जणांत झाल्या तर दोन वर्षांनी माणूस शहर न पाहता परत येतो. अशी मुले मी पाहिली आहेत. आठवड्यातला एखादा दिवस आपल्या माणसांसाठी, बाकीचे दिवस त्या मजल्यासाठी, असा हिशोब मला योग्य वाटला.

म्हणून काय न्यावे असे विचारणाऱ्यांना सांगते : डाळ-तांदूळ नेऊ नका. गोडा मसाला, आमसुले, हिंग आणि लाटणे न्या. कुकर दोन लिटरचा घेऊ नका, पाच लिटरचा घ्या, आणि त्याचा तळ सपाट व इंडक्शनवर चालणारा आहे का ते दुकानातच पाहून घ्या. साध्या अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथल्या पुष्कळ शेगड्यांवर तापतच नाही.