गिटची नोंदवही: डॉट गिट फोल्डरच्या आत

गिट म्हणजे फाइलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. त्यातल्या इनिट, अ‍ॅड, कमिट, लॉग या चार कमांड आता हातात बसल्या आहेत. त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून पुढचं सांगते. गिटची खरी गोडी मला लागली ती डॉट गिट हे लपलेलं फोल्डर उघडून बघायला लागल्यावर. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने हे लवकरात लवकर करावं.

एक प्रयोग करून बघा. रिकाम्या रेपोमध्ये, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या नावांच्या फाइल करा, दोन्हींत अक्षर न् अक्षर तोच मजकूर टाका आणि गिट अ‍ॅड करा. मग डॉट गिटमधल्या ऑब्जेक्ट्स फोल्डरमध्ये डोकवा. फाइल दोन, पण साठवलेला ब्लॉब, म्हणजे मजकुराचा गठ्ठा, एकच! गिट मजकुराचा शा-वन हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी ठरावीक लांबीची खूण, काढतं. ४० अक्षरांच्या त्या हॅशमधली पहिली दोन फोल्डरचं नाव होतात, उरलेली ३८ फाइलचं. तुमच्या फाइलचं नाव ब्लॉबमध्ये नसतंच, ते ट्री नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये असतं. गिट कॅट-फाइल -पी आणि पुढे हॅश दिला की हे सगळं उलगडून वाचता येतं. कमिटपासून ट्री, ट्रीपासून ब्लॉब असं एकदा स्वतः चालत गेलं की कमिट म्हणजे त्या क्षणाची सगळी स्थिती, नुसती फरकांची यादी नव्हे, हे पक्कं बसतं.

ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, हीही अशीच. ती म्हणजे रेफ्स/हेड्समधली ४१ बाइटची फाइल: एक हॅश आणि ओळ संपल्याची खूण, बस्स. हे पाहिल्यापासून मी बारीकसारीक कल्पनेसाठीही बिनधास्त नवी ब्रँच काढते.

ब्रँच बदलायला चेकआउटऐवजी स्विच वापरते, फाइल पूर्ववत करायला रिस्टोअर. ऑगस्ट २०१९ च्या २.२३ आवृत्तीत या दोन्ही कमांड आल्या. चेकआउट एकटी ही दोन्ही कामं करते आणि नवख्याचा गोंधळ तिथेच होतो.

सगळ्यात लाडकी कमांड मात्र अ‍ॅड -पी. बदलाच्या प्रत्येक तुकड्यापाशी ती थांबते: घ्यायचा तर वाय, सोडायचा तर एन, तुकडा मोठा वाटला तर एस देऊन आणखी फोडायचा. कमिट करण्याआधी आपलंच लिखाण ओळ न् ओळ वाचून होतं. स्टेजिंग, म्हणजे कमिटमध्ये जाणारे बदल आधी निवडून ठेवणं, कशासाठी असतं, हे मला यातूनच उमगलं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर स्टेटसमध्ये नावाऐवजी ३४०, २४४ असे आकडे तिरक्या रेघांसकट दिसतात. ग्लोबल कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की नाव नीट दिसतं. आणि मराठी परिच्छेदात एखादाच शब्द बदलला असेल तर फरक दाखवणाऱ्या डिफला वर्ड-डिफ पर्याय जोडा, पूर्ण ओळीऐवजी नेमका तो शब्द उठून दिसतो.

सध्या इंटरॅक्टिव्ह रीबेसचा सराव चालू आहे. जुने कमिट एकत्र करायचे, त्यांचा क्रम बदलायचा, मग रीफ्लॉगमधून, म्हणजे ब्रँचचं टोक आधी कुठे कुठे होतं त्या नोंदींमधून, आधीची स्थिती शोधून परत आणायची. ब्रँचच्या आताच्या टोकापासून जिथे पोचता येत नाही अशा नोंदी रीफ्लॉग मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस ठेवतो, बाकीच्या ९० दिवस. सरावाला तेवढी मुदत पुष्कळ आहे. त्यानंतर बायसेक्ट, म्हणजे बिघाड नेमका कोणत्या कमिटमध्ये आला ते शोधणारी कमांड, घेणार आहे.